चार दिवसांत आशिया (नोंदणीकृत)

ज्याला लवकर पोहोचायचं आहे त्याने निघण्याची घाई करू नये. जगभरच्या अनुभवी प्रवाशांचं याबाबत एकमत आहे, आणि त्यांच्यापैकी बरेच जण अजून घरीच असल्यामुळे केव्हाही जाऊन खात्री करून घेता येते. वेग ही मुळात बैठकीत बसून मिळवायची गोष्ट आहे. तो रस्त्यावर मिळवायला जाणारे लोक पडतात, भिजतात, भलत्याच देशात शिरतात. बैठकीत वेग मिळवणाऱ्याला आजवर साधं खरचटलेलंही नाही.

हे शास्त्र जर्मनीच्या वेस्टफालिया भागातल्या हाइडेनब्रूक गावी जेवढं पुढे गेलं आहे तेवढं इतरत्र गेल्याचं ऐकिवात नाही. तिथे 'चार दिवसांत आशिया' हे मोटारसायकल मंडळ (नोंदणीकृत) गेली चौदा वर्षं अखंड कार्यरत आहे. मंडळाचा उद्देश घटनेच्या दुसऱ्या कलमात स्वच्छ दिला आहे : 'हाइडेनब्रूक ते आशिया खंडाची भूमी हे अंतर मंडळाच्या सभासदाने मोटारसायकलवरून चार दिवसांच्या आत कापणे.' (निघण्याबद्दल घटनेत काही म्हटलेलं नाही.)

नुसतं जायचं तर मंडळ कशाला, असं कोणी विचारील. विचारणारा हाइडेनब्रूकचा नसणार. या गावात दोन माणसांना एकत्र कुठे जावंसं वाटलं तर ती नुसती दोन माणसं असतात. सात माणसांना वाटलं की त्यांची नोंदणी होते, शिक्का मिळतो, आणि गुरुवारी संध्याकाळी बसायला 'सोनेरी हरीण' खानावळीची मागची खोली मिळते. साडेचार हजार वस्तीच्या या गावात एकसष्ट मंडळं आहेत. सशांचं आहे, कबुतरांचं आहे, जुने ट्रॅक्टर पुसणाऱ्यांचं आहे, आणि एक मंडळ बाकीच्या साठ मंडळांच्या तारखा एकमेकींवर आदळू नयेत एवढंच पाहतं. (त्याची वार्षिक सभा चार वेळा पुढे ढकलावी लागली.)

रोस्विटा हेमके ही संस्थापक सभासदांपैकी एक. ती पंपांच्या कारखान्यात जुळणीच्या बाकावर काम करायची, आणि तिच्याकडे साडेसातशे सीसीची एक दणकट गाडी होती. स्थापनेच्या दिवशी सहाच डोकी जमली तेव्हा रोस्विटानेच धावत जाऊन बाकावरच्या शेजारणीला, नेर्मिनला, ओढून आणलं होतं.

"सही कर. तुला कुठे जायचं नाहीये," रोस्विटा म्हणाली.

"मग सही कशाला?"

"म्हणजे आम्हाला जाता येईल."

"तुम्ही निघालात आशियाला, आणि सही आशियावालीची!" असं म्हणून नेर्मिनने सही ठोकली. तीन वर्षांनी तिला निवृत्तिवेतन सुरू झालं, आणि ती कायमची माहेरगावी गेली. म्हणजे इस्तंबूलला, आणि तेही बॉस्फरस सामुद्रधुनीच्या पलीकडे, उस्कुदारला, आशियात. विमानाने तिला तीन तास लागले. कार्यकारिणीने या घटनेची नोंद 'नियमबाह्य आगमन' अशी केली आणि नेर्मिनचं नाव कमी केलं.

मंडळाच्या कामाचा आवाका मोठा आहे. मार्ग उपसमिती आहे, सुट्या भागांची आहे, पथकराच्या स्टिकरांची आहे. पाऊस उपसमिती म्हणजे सचिव ओटमार. तो दर एप्रिलमध्ये नवा रेनकोट घालून स्वतःच्या अंगणात उभा राहतो आणि त्याची बायको त्याच्यावर नळीने पाणी मारते. (हे काम ती विनामोबदला आणि मनापासून करते.) मे महिन्याच्या पहिल्या रविवारी चाचणी मोहीम निघते. ती चाळीस किलोमीटरवरच्या धरणापर्यंत जाते, तिथे चेरीचा केक खाते आणि परत येते. केक धरून मोहिमेचा सरासरी वेग ताशी अकरा किलोमीटर पडतो. आशियाच्या वाटेवर या प्रतीचा केक मिळत नसल्यामुळे तिथला वेग साहजिकच जास्त राहील, असं अनुमान काढण्यात आलं आहे.

मार्ग उपसमितीचं कार्य तर सोन्याच्या अक्षरांनी लिहावं असं. पहिल्या आराखड्यात आशिया सहा दिवसांवर होता. पुढच्या वर्षी जेवणं काढून टाकल्यावर तो साडेपाचावर आला. मग हंगेरीतली झोप वगळण्यात आली. सर्बिया लहान प्रमाणाच्या नकाशावर घेतल्यामुळे आणखी अर्धा दिवस वाचला. आता आशिया तीन दिवसांच्याही आत आला आहे. काम याच गतीने चालू राहिलं तर येत्या काही वर्षांत मंडळ निघण्याच्या आदल्या दिवशी पोहोचेल, हे उपसमितीने आलेख काढून दाखवलं तेव्हा बराच वेळ टाळ्या वाजल्या.

टाळ्या रोस्विटानेही वाजवल्या होत्या, खोटं कशाला बोला. नवरा गेल्यावर तिच्या आठवड्यात दोनच दिवसांना काही चव उरली होती. एक गुरुवार, मंडळाचा. दुसरा रविवार, नेर्मिनच्या फोनचा.

"काय गं, निघालीस का?" नेर्मिन फोन उचलल्याबरोबर विचारायची.

"मार्गाचं बघतायत."

"मार्गाचं काय बघायचंय? माझा बाप ज्या रस्त्याने तुमच्याकडे आला तोच रस्ता आहे. तुमच्या मंडळाने हलवला का?"

"बल्गेरियात दुरुस्ती चालू आहे म्हणे."

"मग काय, डांबर थंड व्हायची वाट बघतेस? ये गं बाई. चहाचं आधण ठेवून ठेवून माझी किटली झिजली."

"नक्की येते," असं रोस्विटा म्हणायची. ते ती मनापासून म्हणायची. हे 'नक्की येते' अकरा वर्षं चाललं, आणि दर वेळी ते अगदी ताजं असायचं.

या वर्षी जूनमधल्या एका रविवारी मात्र नेर्मिनने किटलीचं नाव काढलं नाही.

"रोझी, ऐक. मुलगा न्यायला येतोय, टोरांटोला. गुडघे आता जिने चढू देत नाहीत. घर विकलं. सप्टेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी पहाटे आम्ही निघणार. यायचं असेल तर त्याच्या आत ये."

"टोरांटो म्हणजे..."

"म्हणजे समुद्रापलीकडे. तिथे तुझी फटफटी येत नाही."

फोन ठेवल्यावर रोस्विटा स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली. तिला भीती वाटली. बावीस वर्षं त्या दोघी एका बाकावर बसल्या होत्या. एकीच्या डब्यातला पाव आणि दुसरीच्या डब्यातले ऑलिव्ह असं अर्धं अर्धं करून जेवल्या होत्या. जिच्याजवळ न बोलता तासभर बसता येतं असं माणूस रोस्विटाला नेर्मिननंतर मिळालं नव्हतं. ते माणूस आता मोटारसायकलच्या टप्प्याबाहेर चाललं होतं.

तिकीट काढून विमानाने जावं हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण चौदा वर्षं ज्या वाटेने जायचं म्हणून बसलो ती टाळून मागच्या दाराने जायचं, हे तिला कसंसंच वाटलं. शिवाय नेर्मिनला ती 'गाडीवरून येते' असंच म्हणत आली होती. म्हणून जुलैच्या बैठकीसाठी तिने रीतसर विषय दिला.

अध्यक्ष एकहार्ट डोर्फ्लर हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा वर-खाली करून कार्यसूची दोनदा वाचली.

"विषय क्रमांक सहा, 'प्रत्यक्ष निघणे'. हा कोणी दिलाय?"

"मी," रोस्विटा म्हणाली.

"कुठे निघणे, हेमकेबाई?"

"आशियाला."

"कोणी?"

"मी. गाडीवरून."

इतिवृत्तात या ठिकाणी 'सभा स्तब्ध झाली' असं वाक्य आहे. यापूर्वी ते एकदाच, बिअरचा भाव वाढला तेव्हा, वापरण्यात आलं होतं.

"पण एवढी घाई काय आहे गं?" ओटमारने विचारलं.

"आपल्या मंडळाचं नाव वाच."

"नाव तसं आहे, मान्य. पण तू एकदम शब्दशः घेतेस."

रोस्विटाने नेर्मिनचं सगळं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या, कारण माणसं वाईट नव्हती. मग अध्यक्ष उठून उभे राहिले.

"भगिनींनो आणि बंधूंनो, भावना समजू शकतो. पण कायदा काय म्हणतो? उद्देश साध्य झाला की मंडळ संपुष्टात येतं. हेमकेबाईंनी तिकडे पाय टेकला की इकडे आपलं विसर्जन. मालमत्ता कोणाला जाते, आठवतंय ना?"

सगळ्यांना आठवत होतं. विसर्जनानंतर मालमत्ता दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यावी लागते, आणि स्थापनेच्या घाईत, ही वेळ येणारच नाही अशा खात्रीने, शेजारच्या टेबलावर जे कोणी बसलं होतं त्यांचं नाव टाकण्यात आलं होतं. ते ससेपालक संघाचे लोक होते. म्हणजे कॉफीचं मोठं पिंप, बोधचिन्ह असलेले मग, पत्र्याची शेड आणि मुख्य म्हणजे गुरुवारची खोली, हे सगळं सशांच्या घशात जाणार होतं.

"चौदा वर्षं मेहनत आम्ही करायची आणि गाजरं त्यांनी खायची!" मार्ग उपसमितीतून कोणीतरी ओरडलं.

रोस्विटा खाली बसली. गुरुवार तिलाही एकच होता. नेर्मिनला गाठायचं तर गुरुवार घालवावा लागणार होता, आणि ते कसं करायचं हे तिला कळेना.

वाट काढली ओटमारने. तो आयुष्यभर करखात्यात होता. "घटनेत 'चार दिवसांच्या आत' असं आहे," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी पोहोचली तर उद्देश साध्यच होत नाही. जाऊ दे तिला. फक्त वेळेत पोहोचू नये म्हणजे झालं."

असा टाळ्यांचा कडकडाट आलेखालाही मिळाला नव्हता. ठराव एकमताने झाला : 'श्रीमती हेमके यांच्या प्रस्थानास हे मंडळ शुभेच्छा देत आहे, मात्र त्यांनी मंडळाचे हित लक्षात घेऊन यथोचित विलंबाने पोहोचावे.' लगेच विलंब उपसमिती नेमण्यात आली. तिने आठवड्याभरात एक यादी केली : पासाऊला तीन नद्यांचा संगम पाहणे, हंगेरीत गरम पाण्याचे स्नान करणे, बेलग्रेडचा किल्ला बाहेरून पाहणे, तोच आतून पाहणे, सोफियात कपडे धुऊन वाळत घालणे. (वाळण्यास दमट हवेचा दिवस निवडावा.) वेगासाठी मंडळाने इतकं बारकाईचं काम कधीच केलं नव्हतं.

आता निघायला हरकत नव्हती. फक्त ठराव अमलात येण्यासाठी पुढच्या सभेत मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम व्हावं लागतं. पुढची सभा ऑगस्टात असते, आणि ऑगस्टात कार्यकारिणी सहकुटुंब मायोर्का बेटावर जाते. (विमानाने.) म्हणजे सप्टेंबरचा पहिला गुरुवार.

रोस्विटा थांबली. याला कोणी मूर्खपणा म्हणेल. पण हाइडेनब्रूकमध्ये दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत एकही गाडी नसताना, भर पावसात, माणसं लाल दिव्यापुढे उभी असतात आणि दिवा हिरवा झाल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. अशा माणसांनी इतिवृत्त कायम होण्यापूर्वी निघायचं कसं? गाडीला तेल घातलं, साखळी आवळली, आणि ती जुलै आणि ऑगस्ट थांबली.

सप्टेंबरच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम झालं. रोस्विटाने बोटांवर हिशेब केला. उद्या शुक्रवारी पहाटे निघायचं. नेर्मिन मंगळवारी पहाटे घर सोडणार. घटनेतले चार दिवस मंगळवारीच पहाटे पुरे होणार.

ती उठली. "अध्यक्ष महोदय, पाचव्या दिवशी ती तिथे नसेल."

"अरेरे," डोर्फ्लर म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. "पण बाई, माणसं येतात, माणसं जातात. मंडळं राहतात."

"थोडा उशीर तिनेच केला तर?" ओटमारने सुचवलं. "टोरांटोला काय, विमानं रोज असतात."

रोस्विटाने विलंब उपसमितीची यादी घडी करून खिशात घातली आणि सगळ्यांशी हात मिळवले. सगळ्यांनी तिला सावकाश जा असं सांगितलं. हे वाक्य इतक्या कळकळीने दुसऱ्या कोणत्याही प्रवाशाला कोणी सांगितलं नसेल.

शुक्रवारी ती निघाली. पासाऊला नियमाप्रमाणे थांबून तिने संगम पाहिला. तिन्ही नद्या कोणाची परवानगी न घेता एकमेकींत मिसळून चालल्या होत्या. रोस्विटाने एकदा यादीकडे पाहिलं, ती सीटखालच्या कप्प्यात टाकली, आणि कप्प्याला कुलूप लावलं.

पुढचा प्रवास मंडळाच्या दृष्टीने निराशाजनक झाला. हंगेरीत पाऊस लागला आणि नळीखाली उत्तीर्ण झालेला रेनकोट गळ्याशी गळला. (ओटमारची बायको नळी समोरून धरायची, पाऊस वरून पडला.) सर्बिया नकाशापेक्षा लांब निघाला, पण संपला. बल्गेरियातली दुरुस्ती पाच वर्षांपूर्वीच आटोपली होती. जेवण वगळणं शक्य झालं नाही. झोप वगळायचा प्रयत्न तिने सीमेजवळच्या एका पेट्रोल पंपावर केला, आणि बाकावर बसल्याबसल्या ती घोरायला लागली. एवढं सगळं होऊनही सोमवारी दुपारी ती बॉस्फरसच्या पुलावर होती.

पूल पुरा व्हायला थोडा वेळ लागतो. आशियात स्वागत असल्याची पाटी आली. टाळ्या वाजल्या नाहीत, मागच्या टॅक्सीने भोंगा मात्र वाजवला. पुलावर थांबायला बंदी आहे, नाहीतर रोस्विटा थांबली असती, कारण ती रडायला लागली होती आणि हेल्मेटची काच आतून धुरकट झाली होती. चौदा वर्षं ज्याला मोहीम म्हणत होते तो एक रस्ता होता. रस्त्याला लागलं की तो नेतो, एवढंच त्यात होतं.

नेर्मिनने दार उघडलं. मागे भिंतीपर्यंत खोकी रचलेली होती.

"आलीस?"

"आले."

"किती दिवस लागले?"

"साडेतीन."

नेर्मिनने तिला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं. "आणि चौदा वर्षं काय करत होतीस गं, बये?"

"तयारी."

नेर्मिन इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. दोघी तशाच उंबऱ्यात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. नेर्मिनचा मुलगा खोकं उचलून मधूनच जात होता, तो परत फिरला.

गॅलरीत दोन खुर्च्या अजून बांधायच्या राहिल्या होत्या. अकरा वर्षांचं बोलणं एका संध्याकाळीत बसत नाही, त्यामुळे दोघी बराच वेळ गप्पच बसल्या. त्यासाठीच तर यायचं होतं. नेर्मिनने चार वेळा चहा केला. मंगळवारी पहाटे टॅक्सी आली.

परतताना रोस्विटाने विलंब उपसमितीची यादी तंतोतंत पाळली. सोफियातले कपडे छान वाळले.

ऑक्टोबरच्या सभेत ती उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मी साडेतीन दिवसांत पोहोचले. मला माफ करा."

शेजारच्या खोलीत ससेपालक होते. अध्यक्षांनी टेबलाची कड धरली. पण ओटमार शांत होता.

"पुरावा?"

"पुलाच्या पथकराची नोंद आहे."

"ती गाडीची. गाडीवर कोण होतं याची नाही. साक्षीदार?"

"नेर्मिन."

"सभासद नाही. शिवाय ती स्वतःच तिथे नियमबाह्य पोहोचलेली. तिची साक्ष कशी धरायची?" ओटमारने पेनचं टोपण लावलं. "अध्यक्ष महोदय, श्रीमती हेमके पोहोचल्या असाव्यात असं मानायला जागा आहे. पण मंडळाला ऐकीव माहितीवर विसर्जित होता येत नाही. आशिया त्यांनी सांगितलेल्या ठिकाणीच आहे का, हे समक्ष जाऊन पाहण्यासाठी एक पडताळणी समिती पाठवावी लागेल."

"मोटारसायकलवरून?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळू लागला होता.

"अर्थात. आणि मार्ग आधी नीट ठरवून."

पडताळणी मोहिमेची पहिली तयारी बैठक पुढच्याच गुरुवारी झाली. रोस्विटाने राजीनामा दिला होता. पण राजीनामा वर्षअखेरीसच लागू होतो, म्हणून तोवरच्या सगळ्या बैठकांना ती न चुकता हजर राहिली आणि कॉफीच्या पिंपाजवळ बसली. जानेवारीच्या दोन तारखेला ती विमानाने टोरांटोला गेली. मंडळाने सखेद निषेध नोंदवला.

तरीही या प्रकरणाने मंडळाचं नाव दूरवर गेलं आणि जागोजागचे लोक विचारणा करू लागले. त्यामुळे सभासदत्व आता जगभर खुलं करण्यात आलं आहे. मोटारसायकल असण्याची अट काढून टाकली आहे. पात्रता एवढीच, की कोणीतरी, कुठून तरी, उमेदवाराला 'एकदा येऊन जा' असं म्हटलेलं असावं, उमेदवाराने 'नक्की येतो' असं सांगितलेलं असावं, आणि त्याला किमान एक वर्ष उलटलेलं असावं. अर्ज करण्याची तसदी कोणी घेऊ नये. हे वाचता वाचता ज्यांच्या डोळ्यांपुढे एक चेहरा आला, आणि त्यापाठोपाठ 'जरा मोकळं झालो की जाऊच' असंही आलं, त्यांना सभासद करून घेण्यात आलं आहे. त्यांची बैठक चालू झाली आहे. जागा आपण घेतलेलीच आहे, तेव्हा उठू नये.